फेदरस्टनांचं वर्ष

विनिफ्रेड ब्रेकनने एनॉक गार्बटला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो काळा सूट घालून एका दगडाला चुना लावत होता.

व्हिनबेकच्या शाळेत रुजू होऊन तिला जेमतेम एक सत्र झालं होतं. मे महिन्यातला शनिवार होता. युद्ध संपून काही वर्षं झाली होती, तरी साखर अजून रेशनवरच होती. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मैत्रिणीने बरणीभर जॅम देऊ केला होता, तो आणायला विनिफ्रेड माळ ओलांडून निघाली होती. खोऱ्यातून चढून वर आलं की वाट जिथे दोन्हीकडे फुटते, तिथेच तो दगड. कमरेएवढा, बसका, वर गोल डोकं. डोक्यावर कोरलेला क्रूस झिजून इतका गुळगुळीत झाला होता, की डोळ्यांपेक्षा बोटांनाच नीट कळावा. दगडासमोर एक उंच, हडकुळा माणूस गुडघे टेकून बसला होता. शेजारी चुन्याची बादली, हातात जाडा कुंचला, आणि अंगात चॅपेलला जाताना घालतात तसा काळा सूट. टोपी काढून त्याने हेदरच्या झुडपावर ठेवली होती.

कुणाच्या तरी थडग्यापाशी आपण आलो असं वाटून विनिफ्रेड थबकली. तिने हलक्या आवाजात विचारलं, "कुणाचं आहे हे?"

"कुणाचं नाही. म्हातारी आहे," तो मान वर न करता म्हणाला.

"आणि हा सूट?"

"सूट माझा आहे."

त्याने उरलेली बाजू रंगवली, कुंचला गवताला पुसला आणि उठून दगडाच्या माथ्यावरच्या खळग्यात हात घातला. खळगा ओंजळीएवढा होता. त्याने बोटं आत फिरवली, जणू काहीतरी शोधतोय, आणि रिकामा हात बाहेर काढला. चुना आतपर्यंत पोचला की नाही ते बघत असेल, असं विनिफ्रेडला तेव्हा वाटलं. मग टोपी डोक्यावर ठेवून, "बाई, परतताना म्हातारीच्या डाव्या हाताने उतरा. सरळ जाऊ नका," एवढं सांगून तो बादली घेऊन खाली गेला.

घरी आल्यावर तिने मिसेस डाउसनना हे सांगितलं. विनिफ्रेड त्यांच्याकडेच खोली घेऊन राहत होती. मिसेस डाउसन पीठ मळत होत्या. त्या हसल्या नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. एरवी त्या खोऱ्यातल्या कुणावरही हसायला तयार असत.

"म्हणजे यंदा गार्बटचं वर्ष," त्या म्हणाल्या. "रविवारी त्याच्या गुडघ्यांकडे बघा. सूटवरचे चुन्याचे डाग काही जात नाहीत. दर दोन वर्षांनी नवे पडतात."

मग पीठ झाकून ठेवून त्या खुर्चीवर बसल्या आणि सगळं सांगितलं.

म्हातारी माळावर कधीपासून आहे, हे खोऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं आणि फारसं कुणी विचारतही नव्हतं. जुन्या काळी मठवाल्यांची मेंढरं या माळावर चरत, त्यांनी वाटेच्या खुणेसाठी क्रूस रोवले, असं म्हणत. खोऱ्यातल्या लोकांना एवढं कळत होतं की धुक्यात म्हातारी दिसली तर माणूस घरी येतो. तिच्या डावीकडून वाट खाली उतरते. सरळ गेलं तर काळ्या पाण्याने भरलेले खड्डे लागतात. जळणासाठी तिथली माती पिढ्यान्‌पिढ्या कापून नेल्यामुळे ते पडले होते, आणि त्यांच्यावर शेवाळ इतकं साळसूदपणे पसरलेलं असे की दिवसाउजेडीसुद्धा पाय फसावा. म्हणून म्हातारीला पांढरी ठेवायची. चुना विरवायचा, त्यात मूठभर मीठ आणि चरबीचा गोळा घालायचा, म्हणजे पावसाने लवकर धुतला जात नाही. चॅपेलच्या वार्षिक सणाच्या आदल्या शनिवारी हे काम होई. त्याला "म्हातारीला आंघोळ घालणं" म्हणत.

हा मान माळाच्या कडेला लागून असलेल्या दोनच शेतांचा होता, गार्बटांचा आणि फेदरस्टनांचा. विषम साल गार्बटांचं, सम साल फेदरस्टनांचं. ज्याचं वर्ष नसेल त्या घराने रंगवणाऱ्याची न्याहारी पाठवायची: पाव, चीज आणि सुक्या फळांच्या केकचा तुकडा, धुतलेल्या फडक्यात बांधून, पहाटेच म्हातारीच्या माथ्यावरच्या खळग्यात, वर चपटा दगड ठेवून, कावळ्यांनी नेऊ नये म्हणून. रंगवून झालं की तिथेच बसून ती खायची. खोऱ्यातलं बाकी कुणी यात हात घालत नसे. दुसऱ्याच्या वर्षात म्हातारीला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून चूल पेटवण्यासारखं होतं.

एनॉक गार्बट आणि रूबेन फेदरस्टन लहानपणापासूनचे सोबती. कातरणीच्या दिवसांत एकमेकांच्या मेंढ्या कातरायच्या, गवत एकमेकांचं आत आणायचं, आणि चॅपेलमध्ये एकाच बाकापाशी उभं राहून एकाच पुस्तकातून स्तोत्रं म्हणायची. एनॉकचा खर्ज आणि रूबेनचा वरचा सूर. दोघांचा आवाज लागला की पाद्रीबुवाही जरा थांबत. एनॉकने लग्न केलं नाही. रूबेनने हॅनाशी केलं. लग्नाच्या जेवणात रूबेन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "एनॉक, तू करू नकोस. आमच्याकडेच जेवायला ये. ताटं धुवायला कुणीतरी हवंच." आणि एनॉक खरंच दर रविवारी जेवायला जाई आणि ताटं धुवी.

युद्धाच्या आधी एका वसंतात एनॉकला मेंढ्याने धडक दिली. बरगड्या मोडल्या. साल विषम, म्हणजे त्याचं. रूबेनने न सांगता, न विचारता म्हातारी रंगवली आणि वर जाऊन एनॉकच्या खाटेपाशी बसून त्याला चिडवलं, की तुझ्या वाटणीची न्याहारी माझ्याच बायकोने बांधली आणि मीच खाल्ली, फायद्यात राहिलो.

पुढच्या वर्षी मे आला. रूबेन म्हणाला, गेल्या वर्षी मी केलं, यंदा एनॉक करेल. एनॉक म्हणाला, साल सम आहे, सम साल फेदरस्टनांचं. मी आजारी होतो तेव्हा तू केलंस ते मैत्रीखातर, त्याबदल्यात मी तुझं गवत आत आणलं की. हे सगळं कातरणीच्या अंगणात, लोकरीच्या ढिगाऱ्यावर बसून, चहाचे पेले हातात धरून चाललं होतं. सगळे हसत होते. मग कुणीतरी म्हणालं की गार्बट मंडळी चुन्यालासुद्धा चिकट. आणखी कुणी म्हणालं की फेदरस्टनांना मोजता येत नाही, सम काय नि विषम काय. तेवढ्यावरून दोघांचे चेहरे ताठ झाले.

त्या शनिवारी दोघांपैकी कुणीच वर गेलं नाही. न्याहारी कुणी पाठवायची हेच ठरत नव्हतं. उन्हाळा गेला, पाऊस पडला, म्हातारी राखाडी झाली, मग माळाच्या रंगाची झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. हॅनाने रूबेनला दोनदा सांगितलं, की जा, रंगवून टाक, मूठभर चुन्याचा प्रश्न आहे. रूबेन म्हणाला, प्रश्न चुन्याचा नाही. एनॉकला सांगणारं घरात कुणी नव्हतं. आणि बाकी खोऱ्याने हात लावला नाही, कारण वर्ष त्यांचं नव्हतं.

"आमचा एक पोरगा जाऊन रंगवून आला असता तर काय बिघडलं असतं?" मिसेस डाउसन म्हणाल्या. "पण तसं इथे कुणाच्या डोक्यातच येत नाही. अजूनही येत नाही."

नोव्हेंबरात रूबेन पलीकडच्या खोऱ्यातून चुकार मेंढ्या आणायला गेला. परतताना समुद्राकडून धुकं आलं. ते भिंतीसारखं येतं, हे विनिफ्रेडला एव्हाना माहीत झालं होतं. संध्याकाळी मेंढ्या एकेक करून घरी आल्या, मग कुत्रा आला. रूबेन आला नाही. कंदील घेऊन माणसं वर गेली, पण कंदिलाचा उजेड हाताच्या पलीकडे जात नव्हता. सकाळी वारा सुटला, धुकं फाटलं, आणि रूबेन एनॉकलाच सापडला, तिसऱ्या खड्ड्यात. ओल्या मातीत पावलं उमटलेली होती. ती म्हातारीच्या अगदी बाजूने, सरळ पुढे गेली होती. हात लांब केला असता तर दगडाला लागला असता इतक्या जवळून.

"पांढरी असती तरी दिसली असती का, कुणी सांगावं," मिसेस डाउसन म्हणाल्या. "माझा नवरा म्हणत असे, त्या धुक्यात चॅपेलसुद्धा दिसलं नसतं. त्याने एनॉकला तसं सांगितलंही. एनॉक म्हणाला, असेल."

अंत्ययात्रेच्या दिवशी सकाळी, अजून प्रेत घरात असताना, एनॉक वर जाऊन म्हातारी रंगवून आला. अंत्ययात्रेसाठी घातलेल्या काळ्या सुटातच. हॅनाला ते कळलं. पुढच्या सम सालापासून मे महिन्यात ती स्वतः बादली घेऊन वर जायला लागली, आणि एनॉकला तिने निरोप पाठवला: ज्याचं वर्ष त्याचं. आमच्या वर्षाला हात लावायचा नाही.

चॅपेलमध्ये एनॉक अजून त्याच बाकापाशी उभा राहत असे. पुस्तक उघडं धरून. म्हणत मात्र नसे.

हे सगळं ऐकल्यावर विनिफ्रेडला तो खळगा आठवला, आणि त्यात फिरणारी बोटं.

खोऱ्यात राहता राहता ती दोघांनाही ओळखू लागली. हॅनाशी आधी. हॅना फेदरस्टन बुटकी, रुंद बांध्याची, भुवया एकमेकींना टेकलेल्या. बोलणं तिखट, पण हात सढळ. शाळेच्या चुलीसाठी जळण कमी पडलं की गाडीभर पाठवी आणि वर म्हणे, "पोरं गारठली की आकडे चुकतात, आणि मग बाई, तुम्ही माझ्या मुलीला दोष देणार." मुलगी मर्सी तेव्हा मोठी होती, शाळा संपवून घरचं बघत होती. पण हॅनाचं असंच. एनॉकबद्दल ती बोलत नसे. बोलायची वेळ आलीच तर "गार्बट" म्हणे. पूर्वी ती त्याला "एनॉक" म्हणायची, हे विनिफ्रेडने इतरांकडून ऐकलं होतं.

एनॉक माणसांशी बोलताना मेंढ्यांकडे बघत बोले. शाळेत निसर्गाचा तास असला की विनिफ्रेड मुलांना त्याच्या मेंढवाड्यावर नेई, आणि तो कोकरांची कानखूण, खूर, दात सगळं दाखवी. मुलांना तो आवडे, कारण उत्तर स्वतःला माहीत असलेले प्रश्न तो त्यांना विचारत नसे. एकदा एका मुलीने सरळ विचारलं, की तुमच्या पँटला चुना का लागलाय? बाकी मुलांना घरून ठाऊक होतं. एनॉक म्हणाला, "घासला पण निघाला नाही," आणि पुढच्या कोकराचे दात दाखवायला लागला.

सम सालाच्या त्या शनिवारी पहाटे तो न चुकता वर जाई आणि खळग्यात न्याहारी ठेवून येई. ते खोऱ्याला माहीत होतं. हॅना वर जाऊन पहिलं काम करी ते फडकं उघडून सगळं कुत्र्याला घालण्याचं. तेही खोऱ्याला माहीत होतं. फडकं ती धुऊन, इस्त्री करून, मिसेस डाउसनच्या हाती परत पाठवी. विषम सालाला खळगा रिकामा असे.

मग एका सम सालाच्या एप्रिलमध्ये हॅना गोठ्यात घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. मर्सीचं तोवर लग्न होऊन ती किनाऱ्यावरच्या गावात गेली होती. विनिफ्रेड शाळा सुटली की हॅनाकडे जाऊन भांडी धुवी आणि लोणी काढायला मदत करी. अशाच एका संध्याकाळी दार वाजलं. हॅना म्हणाली, "उघडंच आहे." दार उघडलं नाही. विनिफ्रेडने जाऊन उघडलं तर बाहेर एनॉक उभा होता, टोपी हातात. अंत्यविधीनंतर त्या दारात तो पहिल्यांदाच आला होता.

तो विनिफ्रेडच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "हॅना, मनगटाचं ऐकलं."

"ऐकलंस ना. मग झालं."

"यंदा मी करतो."

चुलीवरचं भांडं हॅनाने डाव्या हाताने उतरवून बाजूला ठेवलं.

"बाई, तुम्ही ऐकताय ना?" ती विनिफ्रेडला म्हणाली. "आजारी माणसाचं वर्ष शेजाऱ्याने करायचं म्हणे. हे सुचायला त्याला किती वर्षं लागली बघा."

"हॅना, मी रूबेनचं एक वर्ष देणं लागतो," एनॉक म्हणाला. "तेवढं मला करू दे. मग परत नाही मागणार."

"तेच तर." हॅना आता त्याच्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "तू ते केलंस की तुझी फेड झाली, गार्बट. खाली उतरशील, सूट काढून पेटीत टाकशील, आणि रात्री झोपशील. मला तुझी फेड नकोय. ते देणं तुझ्याकडेच राहू दे. ते तुझ्याकडे आहे म्हणून तरी इथे कुणीतरी माझ्याइतकंच रूबेनला आठवतंय."

एनॉकने टोपी हातातल्या हातात फिरवली. मग तो म्हणाला, "बरं," आणि गेला.

विनिफ्रेडने दार लावलं. हॅना म्हणाली, "वारा येतोय. कडी घाला," आणि मग पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते की चुलीची आंच हलत होती, हे विनिफ्रेडने पाहिलं नाही. तिने ताटं पुसायला घेतली.

त्या शनिवारी हॅना डाव्या हाताने म्हातारी रंगवत होती आणि विनिफ्रेड बादली धरून होती. चुना दगडापेक्षा दोघींच्या अंगावर जास्त उडाला. हॅना म्हणाली, "म्हातारीपेक्षा आपणच जास्त पांढऱ्या झालो. धुक्यात आपल्याला बघून कुणीतरी घरी जाईल." खळग्यातली न्याहारी तिने आधीच कुत्र्याला घातली होती. कुत्रा इतका सरावलेला होता की फडकं दिसताच येऊन बसला होता.

तेव्हापासून विनिफ्रेडला वाटत राहिलं की आपण मध्ये पडावं. दोन-तीनदा तिने हॅनाकडे विषय काढलाही. एकदा हॅना हसून म्हणाली, "बाई, तुम्ही मुलांची भांडणं मिटवता ना, एकाला डावीकडे बसवून, एकाला उजवीकडे? आम्हाला पण तसंच बसवलंय. देवाने." एनॉककडे तिने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "ती म्हणते ते बरोबर आहे."

असं किती वर्षं चाललं याचा हिशेब विनिफ्रेडने ठेवला नाही. माळावरून डांबरी रस्ता गेला, म्हातारीपासून बराच लांबून. बर्फात गाड्यांना कळावा म्हणून रस्त्याच्या कडेने उंच खांब लागले. पायी माळ ओलांडणारं कुणी उरलं नाही. खड्ड्यांतली मातीही कुणी कापेना, घरोघर कोळसा आणि मग गॅस आला. उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या लावून फिरणारी माणसं म्हातारीपाशी फोटो काढत आणि खळग्यात चॉकलेटचे कागद टाकून जात. एनॉक आणि हॅना, दोघंही आपापल्या वेळी ते उचलून खिशात घालत.

मिसेस डाउसन गेल्या, शाळेत मुलं कमी झाली, विनिफ्रेडचे केस पिकले. आणि एका हिवाळ्यात हॅनाच्या कमरेचं दुखणं असं वाढलं की मर्सीने ठरवूनच टाकलं: शेत विकायचं, आई किनाऱ्यावर येईल. हॅनाने विरोध केला नाही. फक्त म्हणाली, मे झाल्यावर. साल सम होतं.

त्या शनिवारी विनिफ्रेड तिच्याबरोबर वर गेली. हॅनाला चढायला खूप वेळ लागला. दर थोड्या अंतरावर ती काठी रोवून उभी राही आणि खोऱ्याकडे बघे, म्हणजे दम लागलाय असं वाटू नये. कुत्रा नवा होता, जुन्याचा नातू शोभेल असा, आणि त्यालाही फडक्याची ओळख होती. तो पुढे धावून म्हातारीसमोर बसला.

हॅनाने आधी रंगवून घेतलं. हे नेहमीच्या उलट होतं. वाकणं जमत नव्हतं म्हणून खालचा भाग विनिफ्रेडने रंगवावा असं तिने सुचवलं, मग स्वतःच म्हणाली, "नको, तुम्ही फेदरस्टन नाही," आणि जमिनीवर बसून, सरकत सरकत, खालचा भागही पूर्ण केला. मग म्हातारीच्या पायथ्याच्या दगडाला टेकून बसली आणि म्हणाली, "ते काढा खाली."

विनिफ्रेडने चपटा दगड बाजूला करून फडकं काढून दिलं. हॅनाने गाठ सोडली. पाव, चीज, केकचा तुकडा. कुत्रा जवळ सरकला. हॅनाने चीज नाकाशी धरलं.

"अजून त्या डोळे फुटलेल्या दुकानदाराकडूनच चीज घेतो," ती म्हणाली. "रूबेन म्हणायचा, याला मेंढी कळते, चीज कळत नाही."

तिने पाव मोडला. चीजचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. हळूहळू चावत, समोर माळाकडे बघत तिने बरोबर अर्धं खाल्लं. केकचाही अर्धा तुकडा. उरलेलं अर्धं तिने कुत्र्यापुढे ठेवलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "कोरडं आहे. चहा आणायला हवा होता," आणि हात पुढे केला, उठवण्यासाठी.

फडकं या वेळी तिने धुऊन पाठवलं नाही. विनिफ्रेडच्याच हाती दिलं, चुरा झटकून.

विनिफ्रेड त्याच संध्याकाळी एनॉककडे गेली. तो वाड्याच्या दारात खुरांची कात्री परजत होता. तिने फडकं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पाहिलेलं सगळं सांगितलं, चीजबद्दलचं बोलणंसुद्धा. तिला वाटलं होतं की हे ऐकून त्याचा चेहरा बदलेल.

त्याने फडकं उलगडून पाहिलं, पुन्हा घडी घातली.

"अर्धं?" त्याने विचारलं.

"अर्धं."

"आणि अर्धं कुत्र्याला."

"हो."

त्याने मान हलवली, जणू कुणीतरी मेंढ्यांची मोजणी सांगितली होती आणि ती त्याच्या मोजणीशी जुळली होती. मग तो म्हणाला, "जाण्याआधी ती बोलावेल का, बाई?"

विनिफ्रेडला वाटत होतं की बोलावेल. तिने तसं सांगितलंही. पुढचे दोन आठवडे एनॉक रोज संध्याकाळी दाढी करून बसत होता, असं शेजाऱ्यांनी तिला नंतर सांगितलं. हॅनाचं सामान गेलं, मग मर्सीची गाडी आली. गाडी गार्बटांच्या फाटकासमोरून जाताना जरा हळू झाली, असं एनॉक म्हणतो. तिथे वळण आहे, गाड्या तिथे हळू होतातच. हॅना दोन हिवाळे किनाऱ्यावर राहिली. तिला रूबेनशेजारी पुरायला आणलं तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत एनॉकला कुणी बोलावलं नाही, आणि तोही पुढे झाला नाही. तो मागे, चॅपेलच्या भिंतीला लागून, काळ्या सुटात उभा होता.

फेदरस्टनांचं घर शहरातल्या एका तरुण जोडप्याने घेतलं. माणसं चांगली. मातीची भांडी करतात, बकऱ्या पाळतात, सगळ्यांना हसून हात करतात. पुढचं सम साल आलं तेव्हा एनॉक टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात गेला. या वेळी दार लगेच उघडलं आणि त्याला आत बसवून चहाही दिला. विनिफ्रेड त्याच्याबरोबर होती. त्यानेच तिला यायला सांगितलं होतं. म्हातारीचं काय ते त्याने थोडक्यात सांगितलं. तरुण माणूस मन लावून ऐकत होता.

"अहो आजोबा, तुम्हीच रंगवा की," तो म्हणाला. "दर वर्षी रंगवा. आमची काहीच हरकत नाही. उलट छान वाटेल."

एनॉकने चहाचा पेला खाली ठेवला.

"तुम्ही भले आहात," तो म्हणाला. "पण ते तुमच्याकडे नाही हो, मला द्यायला."

तरुणाला काही कळलं नाही. त्याने विनिफ्रेडकडे पाहिलं. समजावून सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं, पण एनॉक उठून उभा राहिला होता. वाटेत तो एवढंच म्हणाला, की चहात साखर फार होती.

त्या शनिवारी पहाटे तो वर गेला आणि खळग्यात न्याहारी ठेवून आला. ती कुणी खाल्ली ते कळलं नाही. कावळ्यांनी असेल, किंवा फिरायला येणाऱ्या कुणीतरी. पण चपटा दगड नीट बाजूला ठेवलेला होता, आणि फडकं नाहीसं झालं होतं.

विनिफ्रेड आता निवृत्त आहे. खोऱ्यातच, बंद पडलेल्या शाळेसमोरच्या घरात राहते. एनॉकने शेत पुतण्याला दिलं आणि चॅपेलमागच्या छोट्या घरात आला. दोघं गुरुवारी एकत्र जेवतात. ताटं तो धुतो. विषम सालाला पुतण्या त्याला गाडीने माळाच्या कडेपर्यंत सोडतो आणि पुढचं अंतर तो दोन काठ्यांवर चालतो. रंगवायला दिवस जातो. सम सालाला म्हातारी राखाडी होते आणि शरदात माळाच्या रंगाची. कुणी जाऊन रंगवून टाकावी असं विनिफ्रेडच्या मनात येतं, पण ती जात नाही. इतकी वर्षं इथे राहून तिलाही ते जमत नाही.

यंदाचं साल सम आहे. बादली एनॉकच्या न्हाणीघरात उलटी ठेवलेली आहे, कुंचला कोरडाच आहे. शनिवारसाठी त्याने अर्धा पौंड चीज आणून ठेवलं आहे, त्याच दुकानातून.